चोवीस इंचांचा वेढा

बेलापूर,
दि. ९ फेब्रुवारी १९७१

चि. मनकर्णा हिला सहादेवमामाचे आशीर्वाद.

तुमच्या अकोल्याकडे थंडी अजून हटली नसेल. आक्काबाईंचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला शेकून बांधा म्हणावे. सासूला सुनेचे पटत नसेल तर माझे नाव सांग. जावई राधाकृष्णरावांनी दाढ काढली, का शाळेला सुट्टी लागायची वाट बघताहेत? छोट्या पुष्पावतीचा खोकला गेला का? म्हैस व्याली का? आणि तू कशी आहेस, हे तू पत्रात कधी लिहीत नाहीस, म्हणून ते शेवटी विचारतो.

मी बरा आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. तुझी मामी ठणठणीत आहे, माझ्यावर रोज डाफरते त्यावरून कळते.

तुझे पत्र पोचून महिना झाला. "मामा, माझी रायफल विकून टाका. हात थरथर कापणाऱ्या बाईला ती काय करायची." एवढ्या दोनच ओळी. परवाना तुझ्या नावावर, आणि रायफल तीन वर्षे माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात ठेवीला. गिऱ्हाईक आले होते. मी त्याला उद्या ये म्हणालो. असे तीनदा म्हणालो.

त्याचे कारण लिहायचे आहे. पण आधी नळीचे सांगतो.

नळीच्या आत पीळ असतो हे तुला मीच शिकवले. गोळी त्या पिळातून गरगरत निघते म्हणून सरळ जाते. भोवऱ्यासारखेच आहे ते. बुटका भोवरा हलक्या हिसक्यानेही उभा राहतो, उंच असेल तर हिसका जोराचा लागतो, नाहीतर डगमगतो आणि आडवा होतो. आखूड गोळीला चोवीस इंचांत एक वेढा पुरतो. तुझ्या लांब गोळीला सोळा इंचांतच एक वेढा हवा. हे मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, लोकांच्या बिघडलेल्या बंदुका उघडून शिकलो. त्यामुळे मला त्याची घमेंडही फार.

सदुसष्टच्या दिवाळीत तुझी नळी झिजली म्हणून मी बदलली. नवी मिळत नव्हती. एका जुन्या रायफलीची नळी माझ्याकडे पडून होती, आतून आरशासारखी लख्ख. तिची मागची बाजू तुझ्या काडतुसाच्या मापाने वाढवली आणि बसवली. दुकानामागच्या ओढ्यात पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोके एका सुपारीखाली झाकली गेली. छाती फुगली. ओढ्याची सरळ बाजू तेवढीच लांब होती, मनकर्णा. भरकटणारी गोळीही पंचवीस यार्डांपर्यंत शहाण्यासारखी वागते.

मग जानेवारीत नगरला नेमबाजीच्या संघाची निवड, शंभर यार्डांवर. तुझ्या दहातल्या चार गोळ्या कागदाच्या बाहेर गेल्या. तू उठून माझ्याकडे आलीस आणि हळूच म्हणालीस, "मामा, नळीत काई हाय का, बघता का?"

मी चारचौघांत म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं."

लोक हसले. तुझे वडील म्हणाले, "हात कापतुया पोरीचा. आता पुरं झालं." उन्हाळ्यात तुझे लग्न झाले.

तुझा तो कागद मी काढून घेतला होता. आठवण म्हणून ठेवतो म्हणालो. तो या पाकिटात घातला आहे, उजेडात धरून बघ. सहा भोकांपैकी तीन गोल नाहीत, किल्लीच्या भोकासारखी लांबट आहेत. गोळी आडवी होऊन लागली की असे होते. हात कापला तर भोक इकडेतिकडे जाते, पण गोलच राहते.

हे मला त्याच दिवशी दिसले होते.

घरी येऊन नळी पुसायच्या गजाने आत घट्ट चिंधी सरकवली आणि गजावर खडूची खूण केली. सोळा इंच आत गेल्यावर खूण फिरून पुन्हा वर यायला हवी होती. चोवीसला आली. ती नळी आखूड गोळीची होती. बसवण्याआधी मोजायला पाच मिनिटे लागली असती. मी लकाकी बघून भुललो.

निवडीची दुसरी फेरी पंधरा दिवसांनी होती. मी गप्प बसलो. दुकानात पार शेवगावाहून लोक येत, सहादेवाने नळी चुकवली म्हणतील याची भीती. पुढे तुझे लग्न ठरले, म्हटले आता उकरून काय उपयोग. कारणे काय, उकिरड्यावरही उगवतात.

तुझे पत्र मामीला वाचून दाखवताना हात कापण्याच्या ओळीवर अडखळलो. तिने खोदून खोदून सगळे माझ्याकडून वदवून घेतले. म्हणाली, "पोर तीन वर्सं सोताच्या हाताला बोल लावती, आन् तुमी कागद दडवून बसलाय व्हय? सुंभ जळंल, पर तुमचा पीळ न्हाई जायाचा."

आता सोळाची नळी मिळाली आहे. आधी मोजली, मग बसवली. माझ्या डोळ्याने नेम होत नाही, म्हणून पलटणीतून आलेल्या पुंजारामला नगरच्या मैदानावर नेले. दोन जातींची काडतुसे झाडून पाहिली. जोरात जाणारी गोळी शंभर यार्डांवर इकडेतिकडे जाते. सावकाश जाणारी, जरा जड, ती एकीशेजारी एक बसते. दहाही भोके गोल आली. त्या जातीच्या दोन डब्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत.

रायफल तुझी, विकायची तर वीक. पण हात कापतो म्हणून विकू नकोस. तो कधी कापला नव्हता. अंगणच वाकडे होते, बाई, आणि ते मी सारवले होते.

तुझ्या वडिलांनाही आजच लिहितो आहे. हा कागद राधाकृष्णरावांना दाखव, आक्काबाईंनाही दाखव.

रागावून लिहिलेस तरी चालेल, पण लवकर लिही. गिऱ्हाईक सोमवारी परत येणार आहे. त्याला काय सांगायचे ते या वेळी तुझ्याकडून ऐकायचे आहे.

तुझा,
न मोजता बसवणारा
सहादेवमामा