बर्फातली जाहा

११ डिसेंबर, बुधवार

शाळा बंद. कोर्टही बंद. पहाटेपासून अम्मानवर बर्फ पडतोय, समोरचा अश्रफिया टेकडीचा उतार दिसेनासा झाला. हदील सोळाची, मुतसिम चौदाचा. दोघंही घरात, आणि त्यांना रमवायला मी एकटा. त्यांची आई इनाम ऑक्टोबरपासून साल्ट गावी, बापाच्या घरी आहे. रुसून.

दुपारी कवितेच्या भेंड्या लावल्या. मुतसिमने साबणाच्या जाहिरातीतली ओळ म्हटली. बाद केली. "बाबा, यमक आहे की!" यमक होतं. तरी बाद.

संध्याकाळी वीज गेली. फोन बंद पडले की मुलं माणसांत येतात, असं मी व्यासपीठावरून सांगत आलो आहे. येत नाहीत. झोपतात!

१२ डिसेंबर, गुरुवार

मुतसिमला गच्चीतला बर्फ द्राक्षाच्या काकवीत कालवून खायचा होता. म्हटलं, पहिल्या दिवसाचा खाऊ नये, दुसऱ्याचाही नको, तिसऱ्याचा खुशाल खा. म्हणाला, "आईला विचारू?" जणू हे ज्ञान फक्त तिच्याकडे!

मग हदीलने शेगडीपाशी विषय काढलाच.

"अख्ख्या अम्मानच्या रुसलेल्या बायका तुम्ही परत आणता. आपली आई तेवढी नाही!"

खरं आहे. नवरा-बायकोचं बिनसलं, ती माहेरी गेली, की पोक्त माणसांची जाहा जाते आणि बोलायला मला बोलावतात. माझं मत मी हदीलला स्वच्छ सांगितलं. बाई म्हणजे कुणाची ठेव नव्हे. आपल्या पायांनी गेली, आपल्या पायांनी येईल. तिला आणायला पुरुषांची वरात कशाला? ही रीत मोडायलाच हवी!

"मग लोकांच्या बायकांसाठी कशाला जाता?"

"लोक बोलावतात म्हणून."

"टाळ्या मिळतात म्हणून," मुतसिम पांघरुणातून.

हदील हसली नाही. "तुमचं तत्त्व चांगलं आहे, बाबा. पण आजोबांच्या घरात आई रोज खिडकीशी बसते. कुणी येतंय का बघत."

मी शेगडी मोठी केली. भांडणाचं कारण इथे लिहायला हरकत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मातमाच्या तंबूत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तासभर राष्ट्रावर बोललो. लोक अजून त्या भाषणाची आठवण काढतात. इनामही काढते. "माझ्या आईचं नाव एकदाही घेतलं नाहीत."

१३ डिसेंबर, शुक्रवार

नमाज घरीच. मुतसिमने शेगडीवर सगळ्या रोट्या जाळल्या.

१४ डिसेंबर, शनिवार

मुलांनी एकमेकांच्या अंगावर उशा फेकून दिवा फोडला. मी जाहीर केलं, आज शिस्तीत काहीतरी. जाहा कशी बसते, कशी बोलते, ते शिका. मी यजमान, तुम्ही पाहुणे.

वरच्या मजल्यावरचा अबू सुलेमान गॅस संपला म्हणून ऊब घ्यायला खाली आला होता. हदील म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या बाजूने." म्हातारा खूश! मिशा पुसून, कोट झटकून बसला. हदीलने माझा अबा, जाहेत घालायचा तो झगा, पांघरला. मुतसिमने वेलदोड्याची कॉफी केली. तिघांनी पेले घेतले आणि न पिता समोर ठेवले, रीतीप्रमाणे. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा ओठ लावत नाही.

हदीलने सुरुवात केली. पूर्वजांचं कौतुक, घराची थोरवी. आवाज कुठे चढवावा, कुठे थांबावं, सगळं बरोबर. ऐकत राहावंसं वाटलं. मी एरवी नेहमी पाहुण्यांच्या बाजूला असतो. यजमानाच्या जागी बसलो आणि औदार्य अंगात आलं. ती मागण्यावर येण्याआधीच हात पसरून म्हणालो, "ज्यासाठी आलात ते दिलं! कॉफी प्या!"

तिघांनी एका घोटात पेले रिकामे केले.

"तर मग बाबा," हदील म्हणाली, "रस्ता उघडला की साल्ट. आईला आणायला."

मी म्हटलं, हा खेळ होता.

"उस्ताद," अबू सुलेमान म्हणाला, "मी खेळातली कॉफी पीत नाही. शब्द दिलात, तो दिलात."

"आणि रीत मोडायची तर आधी पाळून बघा," हदील.

१५ डिसेंबर, रविवार

ऊन पडलं. छपरांवरून पाणी गळतंय. अबू सुलेमानने त्याच्या भावाला आणि मशिदीतल्या शेखांना सांगून ठेवलं. मी भाषणाची टाचणं काढायला घेतली, तर म्हातारा म्हणतो, "तुम्ही कुठे बोलणार? नवरा जाहेत गप्प बसतो. बोलेन मी." खरंच की! इतक्या जाहा नेल्या, आणि हे ध्यानातच आलं नाही.

टाचणं फाडली. सासूबाईंचं नाव फातिन होतं. ते कुणाकडून तरी तिथे घेतलं गेलं पाहिजे. अबू सुलेमानकडून पाठ करून घेतलं.

मुतसिमने आईची खोली झाडली. न सांगता.

१६ डिसेंबर, सोमवार

साल्टहून आत्ता आलो. जाहेत पुरुषच जातात, पण हदील हट्टाने बरोबर आली होती. अबू सुलेमानने फातिनबाईंचं नाव घेतलं, दोनदा. सासऱ्यांचे डोळे भरले. लगेच म्हणाले, प्या, मुलगी तुमची. सगळे प्यायले. मग इनाम बाहेर आली. मला म्हणाली, "बरे आहात ना?" आवाजात राग नव्हता. मला बरं वाटलं.

"काका," ती अबू सुलेमानला म्हणाली, "मी रुसले होते तेव्हा खिडकीशी बसायचे. महिना झाला, बसत नाही. इथल्या शाळेत शिकवते. मी येत नाही."

अबू सुलेमान माझ्याकडे बघू लागला. रुसलेल्या बाईला आणायची रीत आहे. जिचा राग गेला तिला आणायची नाही.

आम्ही उठलो. हदील आईजवळून उठली नाही.