आधीचं झाड मोजत नाहीत

नवं गाव, किल्लारीजवळ
२२ जून २०१४

चि. ऋतुजास सिंधुमावशीचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. अण्णांचा गुडघा कधी कुरकुरतो, कधी गप्प असतो. म्हैस व्याली, पारडी झाली. तू नांदेडला जेवणाचा डबा बदललास ते बरं केलंस. क्लासमध्ये दिवसभर घसा फोडून शिकवायचं आणि रात्री पाण्यासारखं वरण प्यायचं, असं किती दिवस चालणार होतं?

फोन असताना मावशीला पत्राची हौस का, असं तुला वाटेल. फोन लावला की तुझे अण्णा शेजारी येऊन बसतात. मला जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

आपल्या जुन्या गावाच्या जागेवर झाडं लावायची ठरली आहेत. भूकंपात पडलं तेव्हापासून तिथं दगडांचे ढीग, घाणेरी, वेडी बाभूळ आणि साप, एवढंच आहे. पुण्याच्या एका संस्थेनं ती जागा आणि मागचं गायरान मागितलं. परदेशातल्या कंपन्या धूर सोडतात, आपली झाडं तो खातात आणि त्याचे पैसे त्या कंपन्या देतात म्हणे. तू पोरांना हेच शिकवत असशील, फक्त तुझ्या पुस्तकात पैसे मिळत नसतील. संस्थेकडून शारिक नावाचा मुलगा येतो, माझ्या माहेरचा, देगलूरचाच आहे. बचत गटाच्या बैठकीत त्यानं सगळं समजावून सांगितलं. आमच्या गटाची अध्यक्ष नागम्मा, तिनं विचारलं, "म्हंजी त्येंनी धूर काढायचा अन् आपन झाडं लावायची?"

"हाव काकू," तो म्हणाला.

"मंग चालू राहू दे बाई त्येंचा धूर."

बैठक तिथंच संपली म्हण ना. सगळ्या हसत उठल्या.

प्रत्येकीला एकेक तुकडा मिळणार आहे. लावायचं तिनं, जगवायचं तिनं. पाणी घालायची मजुरी मिळेल आणि झाडं वाढली की त्या पैशांचा वाटा तीस वर्षं तिच्या नावावर जमा होईल. शेत अण्णांच्या नावावर आहे, घर अण्णांच्या नावावर आहे, डेअरीत म्हैससुद्धा अण्णांच्याच नावावर आहे. मला तो तुकडा हवा आहे, ऋतू. आजवर मी तुझ्याकडे किंवा अण्णांकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

चिठ्ठ्या टाकल्या तर माझ्या वाट्याला नेमकी आपल्याच पडक्या घराची जागा आणि मागचा उतार आला. गावात सगळ्यांनी आपापल्या जुन्या जागांची संमती दिली. एकट्या अण्णांनी दिलेली नाही. का, ते तुला ठाऊक आहे. अंगणात तुझ्या आईनं, म्हणजे माझ्या अक्कानं लावलेलं सीताफळ आहे. घर पडलं, अक्का गेली, ते उभं राहिलं. मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बघते आहे, हा माणूस सकाळी उठला की चहाच्या आधी पाण्याचा डबा घेऊन जुन्या गावाची वाट धरतो. दिवाळीच्या सुमारास टोपलीभर सीताफळं आणतो. मी खात नाही, मला सर्दी होते.

मी शारिकला विचारलं, त्या सीताफळाचं काय करणार? तो म्हणाला, "आधीचं झाड मोजत न्हाईत काकू. आपन लावल्यावर जे वाढंल तेवढंच धरतात." हा नियम मला फार आवडला. इतका की पुन्हा एकदा त्याच्याकडून वदवून घेतला. मग विचारलं, तोडलं तर? "ते बी चालत न्हाई. आधीचं तोडलं की जागाच बाद करतात."

म्हणजे धरायचं नाही आणि तोडायचंही नाही. मी म्हटलं, बाबा, हा नियम मी बरीच वर्षं पाळते आहे. त्या बिचाऱ्यानं तेही वहीत लिहून घेतलं.

तर तू अण्णांना दोन ओळी लिही. झाडाला कोणी हात लावणार नाही, सही करा म्हणावं. तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. मी सांगितलं असं मात्र कळू देऊ नकोस.

तुझी मावशी,
सिंधु


नवं गाव
१४ सप्टेंबर २०१४

ऋतुजा,

पत्र रागात लिहिते आहे, म्हणून आधीच सांगून टाकते की म्हैस, पारडी, गुडघा सगळं ठीक आहे.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी अण्णांनी सही केली. मी महिनाभर भाकरी वाढताना हळूच विषय काढत होते तर ताटातून मान वर होत नव्हती. तुझ्या दोन ओळी आल्या आणि चष्मा शोधून, चावडीवर जाऊन सही करून आले. काम झालं, मी मनाला लावून घेतलं नाही. आता सगळंच सांगायचं तर घेतलं, पण खड्डे खणायचे होते म्हणून विसरले.

खड्डे मी खणले. पहार मारली की खालून कोणाच्या चुलीची वीट यायची, कोणाच्या बांगडीचा तुकडा यायचा. घराच्या जागेत मी जपून खणलं. करंज लावले, कडुलिंब, आवळा, वरच्या अंगाला शिसम. शेणखत डोक्यावरून नेलं. पावसानं ओढ दिली तेव्हा जुन्या आडाचं पाणी शेंदून एकेका रोपाला घातलं. संध्याकाळी परत निघताना दहा पावलांवर जाऊन पुन्हा वळून बघायचे. तू क्लासमधल्या पोरांना नंबर आल्यावर जशी बघत असशील, तशी.

मग पाट्यांची गोष्ट निघाली. प्रत्येकीनं आपल्या तुकड्याला नाव द्यायचं. नागम्मानं नातवाचं दिलं. सुलतानबीनं आपलं स्वतःचं, तेही मोठ्या अक्षरात, आणि पाटीला टेकून फोटो काढून घेतला. मला काय द्यायचं ते मी ठरवलं होतं, पण लाज वाटत होती म्हणून शारिकला म्हटलं, आठवड्यानं सांगते.

मंगळवारी गेले तर माझ्या तुकड्यावर पाटी लागलेली. 'कै. सिद्धम्मा हणमंतराव स्मृतिवन'. अक्काचं नाव, पिवळ्यावर तांबड्या अक्षरात.

मला वाटलं अण्णांचं काम. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, "ऋतूनं फोन केल्ता शारिकला. मला बी बरं वाटलं."

तुलाही बरं वाटलं असेल. नांदेडला बसून एक फोन केला, आईचं वन झालं. बायो शिकवणाऱ्या बाईला एवढंही कळू नये का, की वन फोनवर उगवत नाही?

अक्कावर माझा राग नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. राग नाहीच. हेवा आहे. लहानपणी नवं पोलकं तिला शिवायचे, मला तिचं उतरलेलं. ती गोरी, तिची वेणी लांब, तुझे आजोबा, आमचे बापू, बाजारातून आले की आधी तिला हाक मारायचे. ती या घरी आली तेव्हा मला वाटलं, चला, आता देगलूरचं घर तरी माझं झालं. आणि चार-पाच वर्षांत तिच्याच चुलीपुढे मला आणून बसवलं. एकोणीस वर्षांची होते. लग्नाच्या बैठकीत अण्णा म्हणाले, लेकराला सावत्रपण नको, म्हणून दुसरं मूल होऊ द्यायचं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कोणी विचारलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

मान हलवली कारण तू होतीस. भूकंपाच्या रात्री तू आजोळी होतीस, देगलूरला, माझ्या कुशीत झोपलेली. अण्णा शेतात जागलीला होते म्हणून वाचले. तू माझ्याजवळ होतीस म्हणून वाचलीस. अक्का घरात एकटी होती. तेव्हापासून मला वाटायचं, ही मुलगी मला मिळाली.

लातूरची खोली आठवते? अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तिथं तुझ्यासाठी स्टोव्हवर स्वयंपाक केला. त्या गल्लीत खोलीखोलीतून गावाकडच्या आयाच होत्या. तुम्ही क्लासला गेलात की आम्ही जिन्यात बसून भाजी निवडायचो. तिथं कोणाला स्वतःचं नाव नव्हतं, हरिओमची आई, जेबाची आई. मालकिणीनं मला विचारलं, "तुमी ऋतुजाची आई का?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "न्हाई, मावशी हाय." खरंच तर होतं. पुढं दोन वर्षं त्या जिन्यात सगळ्या आया आणि मी एकटी मावशी.

अक्काचा नवरा अक्काचाच राहिला, तुझी आईही तीच राहिली. बरं. पण झाडंसुद्धा?

चार दिवस झाले, मी पाणी घालणं सोडलं आहे. जिच्या नावाची पाटी आहे तिनं येऊन घालावं.

सिंधु


नवं गाव
२ ऑक्टोबर २०१४

चि. ऋतू,

तुझे फोन येत होते. मी उचलले नाहीत. तू अण्णांच्या फोनवर रडत होतीस ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, तरी मी उठले नाही. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण इथं काय झालं ते तर तुला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे.

परवा तीस तारीख होती, भूकंपाचा दिवस. दरवर्षी त्या दिवशी सगळं गाव जुन्या जागेवर जातं आणि दरवर्षी माझं डोकं दुखतं. या वेळीही दुखत होतं. सकाळी नागम्मा दारात आली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. ती उंबऱ्यातच बसली.

"रोपं वाळायला लागली आसतील तुजी."

"माझी कुठं हायत? पाटी वाच जाऊन."

"पाटीला पानी लागत न्हाई सिंधु, झाडाला लागतंय," ती म्हणाली. "तुजा तुकडा वाळला तर पाटी न्हाई मरत. तूच मरतीस. चल गुमान."

तिच्यापुढं गावातल्या पुरुषांचं चालत नाही, माझं काय चालणार? पदर खोचला आणि निघाले. मनात म्हणत होते, वाळलेलीच बघावीत, म्हणजे एकदाचं मोकळं होता येईल.

वाळलेली नव्हती. प्रत्येक रोपाचं आळं ओलं होतं. पुढं उतारावर अण्णा दिसले. डबा उजव्या हातात, डावा हात गुडघ्यावर. एका करंजापाशी वाकत होते आणि वाकायला त्यांना इतका वेळ लागत होता की मला बघवेना. रोज सकाळी ते डबा घेऊन निघत होते, ते मी बघत होतेच. मला वाटत होतं, चालले आपल्या सीताफळाकडं. मी पाठ फिरवून चूल पेटवत होते.

मी विचारलं, "कधीपासनं?"

"तू सोडलीस तवापासनं."

"आन् सीताफळाला?"

"त्याला काय लागतंय? मुळ्या खाली गेल्यात त्याच्या. ही नवी हायत, ह्येंना रोज लागतंय."

तुला वाटेल, हे ऐकून मावशी विरघळली. नाही विरघळली. मला पहिल्यांदा एवढंच ऐकू आलं, की त्याच्या मुळ्या खाली गेल्यात. उरलेलं घरी येऊन भाकरी थापताना ऐकू आलं, आणि मग भाकरी करपली.

तिथं मात्र मी भांडले. आडाजवळ, सगळ्या गावाच्या देखत. पाटीवर माझं नाव घाला असं एकदा तरी म्हणालात का, असं विचारलं. अण्णांनी डब्याचं बूड पुसलं. मग म्हणाले, "तिला दुसरं काय ऱ्हायलंय सिंधु? तू तर हाईस." मी म्हटलं, "मी हाय, हे मला कवा सांगितलं?" त्यांनी डबा पुन्हा भरून घेतला. त्यांना बोलता येत नाही, त्यांना पाणी घालता येतं. एवढं मला आता कळलं आहे आणि कळलं म्हणून फार काही बरं वाटत नाही.

मग मी ती पाटी उपटली. नागम्मा म्हणाली, "आगं आगं." मी ती नेली आणि सीताफळाच्या खोडाला सुतळीनं बांधली. घट्ट बांधली, वाऱ्यानं पडायला नको. ते झाड अक्काचं आहे. तीस वर्षं त्याला कोणी मोजणार नाही आणि कोणी तोडणार नाही. मीही तोडणार नाही. खालची सगळी माझी. शारिक मोबाईल घेऊन येतो आणि एकेका रोपापाशी उभा राहून मोजतो, ती माझी.

हेवा गेला का, तर नाही. काल सकाळी अण्णा डबा घेऊन निघाले तेव्हा मीही घागर घेऊन निघाले.  परत निघताना त्यांनी सीताफळाकडं वळून बघितलं, ते मी बघितलंच. बघू दे. रोपांना पाणी घालून झाल्यावर बघितलं.

दिवाळीला ये. शारिकनं माझ्या तुकड्यासाठी दुसरी पाटी आणून दिली आहे, पिवळा रंग देऊन ठेवली आहे, अजून कोरीच आहे. तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. लातूरच्या त्या मालकिणीनं पुन्हा विचारलं असं समज आणि जे तोंडात येईल ते लिही. जे लिहिशील ते मी पुसणार नाही.

सीताफळं या वर्षी मोठी धरली आहेत. टोपली अण्णांना आणू दे, पण त्यातलं एक तू आपल्या हातानं फोडून मला दे. सर्दीबिर्दी मला कधीच होत नव्हती.

तुझी,
नंतर लावलेली,
सिंधु