खुंटीवरचा कोट

ता. २ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुम्ही मुक्कामी पोचायच्या आत हे पत्र तिथे हजर असावं म्हणून आजच टाकते आहे. ठरलेलंच पुन्हा लिहिते, कारण तू ह्या कानाने ऐकतोस आणि त्या कानाने सोडून देतोस.

मार्चमध्ये नाना बाजारातून घरी यायला निघाले आणि तीन तास भलत्याच गल्ल्यांत फिरत राहिले. तेव्हाच मी म्हटलं होतं की एकटं राहणं आता पुरे, माझ्याकडे चला. त्यांनी ऐकलं नाही आणि तू त्यांचीच री ओढलीस. शेवटी तडजोड झाली. ह्या तीन आठवड्यांच्या प्रवासात काही घोटाळा झाला नाही, तर ते आपल्या घरात, आपल्या नालबंदीच्या शेडशेजारी राहतील. झाला, तर घराला कुलूप. नानांनीही मान हलवली आहे, हे विसरू नकोस.

शर्यतीला त्यांना नेऊच नये असं माझं मत. पण ज्यांचा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेला, त्यांना वर्षातून एकदाच धावणाऱ्या घोड्यांपासून कोण अडवणार? निदान गर्दीत हात सोडू नकोस. मुक्कामाच्या पत्त्याची चिठ्ठी मी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात शिवूनच टाकली आहे. तुझ्या बायकोला सांग, नवरा घोडे बघेल, तू सासऱ्यांकडे बघ.

तुम्ही परत येईपर्यंत जिवाला घोर लागलेली,
ताई

ता. ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

शर्यत काल झाली आणि सगळं झकास पार पडलं. मधल्या चौकात वाळू पसरली होती, चहूकडे दोरखंड, फळ्यांचे मचाण, आणि गर्दी अशी की मुंगीला शिरायला जागा नाही. तोफ उडाली तेव्हा आमच्या दोघांच्या कानाला दडे बसले. नाना खुशीत आहेत. सारखे चौथ्या आलेल्या करड्या घोडीबद्दल बोलतात, पहिला कोण आला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांचं आपलं काहीतरी वेगळंच.

तेव्हा घराचा विषय मिटला असं समजतो.

एक बारीकशी गोष्ट, घरी आल्यावर विचारशीलच म्हणून आधीच लिहितो. नानांचा कोट गर्दीत कुठेतरी हरवला. इथे नवा घेऊ. एवढ्यावरून आकाशपाताळ एक करू नकोस.

तुझ्या रागापेक्षा तुझा लोभ मोठा आहे हे माहीत असलेला,
धाकटा

ता. १२ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. कोट हरवला हे मला पटत नाही. नाना उन्हात कोट काढत नाहीत, लग्नात काढत नाहीत. डॉक्टरांनी छाती तपासायची म्हटलं तेव्हा नुसती बटणं सोडली. तो कोट अंगावरून उतरलेला आपण एकाच प्रसंगी पाहिला आहे, खुराला हात लावायच्या आधी. आधी कोट खुंटीला, मग घोड्याचा पाय मांडीवर. आपण शाळेतून यायचो तेव्हा खुंटीकडे बघूनच कळायचं, आत काम चालू आहे की नाही.

म्हणजे नानांनी तिथे कुणाच्या तरी तबेल्यात नाल ठोकली. आणि तू जवळ नव्हतास, नाहीतर येताना कोट तू उचलला असतास. किती वेळ नव्हतास, तेवढं खरं लिही. उत्तर उलट टपालाने टाक.

ताई

ता. १५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे कुणाचं काय चालणार. सगळं सांगतो.

दुपारी घोडे चौकाकडे नेत होते. करडी घोडी आमच्या पुढून गेली आणि नाना थांबले. म्हणाले, मागच्या डाव्या पायाची टाप बद्द वाजते, नाल सैल आहे. मी हो नाना, हो, म्हणालो आणि बसायला जागा शोधत राहिलो. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा हो म्हणालो. हल्ली आपण सगळेच त्यांना असं हो म्हणतो.

मग बायकोला पाण्याची बाटली काढून द्यायला मी त्यांचा हात सोडला. तेवढ्यात मागून लोंढा आला. मी घाईने हात धरला आणि वीस पावलं चाललो, वळून बघतो तर भलताच म्हातारा. तोही बिचारा मुकाट्याने माझ्याबरोबर येत होता. तोवर दोरखंड ओढले गेले. ज्या बाजूला जो, तो तिथेच. ही एका बाजूला धावली, मी दुसऱ्या.

तोफ उडाली. घोडे वळणावर आले आणि ओरडा झाला की कुणीतरी टापांखाली सापडलं. एकजण म्हणाला, म्हातारा आहे. ताई, मी लोकांना कोपरांनी ढकलत गेलो, बायकामुलांना सुद्धा. स्ट्रेचरवर दुसरंच कुणीतरी होतं, हात मोडला होता. मला आनंद झाला, त्याची आता लाज वाटते.

सगळा वेळ मी तपकिरी कोट शोधत होतो. नाना नुसत्या सदऱ्यावर होते. कदाचित त्यांच्याच अंगावरून गेलो असेन.

साडेपाचला पोस्टाच्या घड्याळाखाली सापडले, हात काळे झालेले. मलाच विचारलं की एवढा वेळ कुठे होतास. कोटाचं विचारलं तर म्हणाले, खुंटीवर आहे. खुंटी कुठली म्हटलं तर मला उडवून लावलं. म्हणजे बघ, ते हरवलेच नव्हते, मी त्यांना हरवलं. चूक माझी आहे, तिची शिक्षा त्यांना देऊ नकोस. त्यांचं घर राहू दे.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
धाकटा

ता. १५ जून

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

पोस्ट समोरच आहे. धाकट्याने पत्र टाकायला माझ्याच हाती दिलं आणि आता तो खिडकीतून पोस्टाच्या दाराकडे बघतो आहे. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. मी आतल्या बाकावर, त्याला दिसणार नाही असा बसून वाचलं. हा कागद त्याच पाकिटात घालतो आहे, त्याला न सांगता.

जाताना मी हरवलो नव्हतो. घोडीच्या टापेमागे गेलो. तबेलेवाल्याने आधी हाकललं. मग मी पाय उचलून दोन खिळे बोटाने हलवून दाखवले, तेव्हा त्याने गुमान हातोडा दिला. स्वार तुझ्या लेकीएवढी पोरगी होती. ती पडली नाही, एवढं माझ्या हातून झालं.

पण धाकट्याला वाटतं, मी घड्याळाखाली त्याची वाट बघत होतो. तसं नव्हतं. परतीची वाटच सापडेना. कोट अंगात नाही हेही कळलं नाही. शिपायाने विचारलं, कुणाबरोबर आलात. म्हटलं, मुलाबरोबर. त्याने नाव विचारलं. थोरले, मला त्याचं नाव आठवलं नाही. घोडीचा पाय कुठला, खिळे किती, सगळं आठवत होतं. तो धावत आला तेव्हा चेहरा ओळखला, नाव सुनेने हाक मारली तेव्हा कळलं. म्हणून मीच आधी विचारलं, कुठे होतास.

फार भ्यालो.

घराला कुलूप मीच लावीन. ऐरण तेवढी बरोबर आणू दे, तुझ्या गॅलरीत मावेल. धाकट्याला मात्र सांग की हा तुझाच हट्ट आहे. तो थोडे दिवस तुझ्यावर चिडेल, तेवढं सोस. नावाचं त्याला कधी कळू देऊ नकोस.

मी तुझ्यावर पुष्कळदा ओरडलो, ते मनावर घेऊ नकोस.
नाना

ता. क. त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं आहे. सदऱ्याच्या, कोटाच्या नाही.