टोरांटोहून बावीस तास

प्रिय जेफ्री,
प्रभू येशू तुम्हा सगळ्यांजवळ राहो.

फोनवर रडू येतं, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते. इथे सून आणि बाळ बरी आहेत, माझी काळजी नको. तू जेवलास का रे?

माझ्या लेकाने, ॲश्लीने विमानाचं बघितलं. इथून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये विमान बदलून बावीस तास. जागा परवाची मिळाली. आणि आईबद्दल डॉक्टर उद्याचीही खात्री देत नाहीत.

माझ्यासाठी थांबू नका. आईला बर्फात ठेवू नका, तिला थंडी कधीच सोसली नाही. माझ्या वाटणीची मूठभर माती तूच टाक.

पण आत्ता तिच्या कानात सांग, मार्सेलिना मुलुंड स्टेशनला उतरली, पाव घेऊन येतेय.

तुझी ताई,
मार्सेलिना