गोळीची हजेरी

९ ऑगस्ट
आज शमीमआपावर उगाच खेकसले. मी आरोग्य उपकेंद्राची नर्स, ती आमची आशा सेविका, अन् सकाळपासून गायब! दुपारी आली, चपला हातात, पाय चिखलानं भरलेले. वस्तीवर मंगलकडं गेलती. मंगलचं पहिलं बाळ पाठीचा कणा उघडा घेऊन जन्मलं, दोन दिवसांत गेलं. ते मी रजिस्टरात लिहिलं अन् माझं काम संपलं. आपाचं तिथून सुरू झालं. पुढच्या बाळाचा कणा नीट व्हावा म्हणून आता दिवस राहायच्या आधीपासूनच फॉलिकची गोळी पोटात जायला पाहिजे. पण सासूनं पाकीट उकिरड्यावर फेकलं. म्हणे, "लेकरू होऊ नये म्हणून देतेत ह्या!"

१२ ऑगस्ट
आपाबरोबर मंगलकडं गेले. आपा स्वतःच्या सुनेलाच घेऊन आली, कडेवर नातू. "काकू, हिनं हीच गोळी खाल्ली. अन् हे बघा." मंगलच्या सासूनं पोराला पालथं घेतलं, मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवला. बराच वेळ. मग म्हणाली, "आन बाई गोळी."
मी पिशवीतून नवं पाकीट काढून दिलं.

२ नोव्हेंबर
मंगल अन् नवरा ऊसतोडीला गेले, पार कोल्हापूरकडं. मी म्हटलं, झालं, बोंबललं सगळं. आपानं टोळीच्या मुकादमालाच धरलं. "ऊस तोडणाऱ्या कोयत्यांची हजेरी घेता, तशी मंगलच्या गोळीची बी घ्या!"
तो : "आपा, मी मुकादम हाय का नर्स?"
"मंग दोन्ही व्हा की."
आता रोज संध्याकाळी मुकादमाचा फोन येतो. "खाल्ली." एवढंच. इतकी वर्षं नोकरी केली, मला नसतं बाई सुचलं.

१६ डिसेंबर
मंगलला दिवस गेलेत! तिकडच्या सिस्टरनं तपासलं. मी नाचायचीच बाकी. आपानं पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख तेवढी लिहून घेतली.

१ मार्च
आज सोनोग्राफी. मुकादम स्वतः जीपनं घेऊन गेला. दुपारी मंगलचा फोन. हात-पाय, हृदय ठीक. पाठ दिसलीच नाही, बाळ तसंच वळून बसलेलं. आठ दिवसांनी परत बोलावलंय. "लई हट्टी हाय आपा, पाठच दाखवंना!" मंगलला हसताना पहिल्यांदा ऐकलं. आपाही हसली, चांगली मोठ्यानं. फोन ठेवला अन् कॅलेंडरावर दिवस मोजत बसली.
"सिस्टर, आठ दिस कसे काढायचे हो?"
मी तिचा हात धरून बसले.