खिडकीतले दोन रुमाल

प्रिय सूनबाई,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. आज तो शेवटी ठेवते. सगळं वाचून झाल्यावर घ्यावासा वाटला तर घे.

तुझं पत्र मंगळवारी आलं. यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि चष्मा पुसत म्हणाले, बघ, पोरीने नव्या शाळेत जम बसवला. तू लिहिलंयस की आता तुझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. मुलं हाताची घडी घालून बसतात, डोळे फळ्यावर. खिडकीकडची बाकं तू आत ओढून घेतलीस, खालच्या काचांना कागद चिकटवलेस, आणि अगदी शेवटी लिहिलंस, ‘आता माझ्या वर्गाकडे कोणी बोट दाखवणार नाही, आई.’ यांना ते वाक्य फार आवडलं. मी मात्र भाजी चिरायचं निमित्त करून उठले. ते बोट कोणाचं होतं, हे तेव्हा या घरात फक्त मलाच ठाऊक होतं.

इथे असताना तुझी नोकरी हंगामी होती आणि वर्ष संपताना ती कायम व्हायची होती. तू रोज संध्याकाळी ओट्याशी उभी राहून उद्याचा धडा मला शिकवून बघायचीस, आणि मी कणीक मळता मळता तुझी थट्टा करायचे. वर्गात गलका झाला की आवाज चढवायचा नाही, उलट उतरवायचा, म्हणजे मुलं ऐकायला पुढे सरकतात, असं तू म्हणायचीस. प्रश्न विचारला की लगेच कोणाचं नाव घ्यायचं नाही, मनात सातपर्यंत मोजायचं, तेवढ्यात सगळेच उत्तर शोधतात. फळ्यावर मुद्दाम एक चूक सोडून द्यायची आणि मुलांना ती पकडू द्यायची. मी म्हणायचे, एवढी सोंगं कशाला, आमच्या वेळी मास्तर टेबलावर छडी आपटायचे, की लक्ष जागच्या जागी यायचं. त्यावर तू हसून विचारलंस, “लक्ष यायचं, की नुसते डोळे यायचे, आई?” मी म्हटलं, दोन्ही एकच. तिथेच माझं चुकलं होतं.

मग तूच मला वर्गात मागे येऊन बसायला सांगितलंस. तुमच्याइतकं नेमकं टिपण कोणी करत नाही, म्हणालीस. धडा कुठे सैल पडतो ते मला कळू दे. दर पाच मिनिटांनी मुलांकडे बघायचं, लक्ष असेल त्याच्या नावापुढे उभी रेघ, नसेल त्याच्या शून्य. मॅट्रिकनंतर पहिल्यांदा मी शाळेची पायरी चढले. नवी वही कशाला म्हणून दुधाची वही उलटी करून मागची कोरी पानं घेतली. चार दिवस सगळं छान चाललं. रेघाच रेघा, शून्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

पाचव्या दिवशी पाणी हवेत कसं जातं तो धडा होता. मी नकाशांच्या कपाटाआड, खिडकीच्याच भिंतीला टेकून बसले होते. मला खिडकी दिसत नव्हती, फक्त मुलांच्या माना दिसत होत्या. तू टेबलापाशी काहीतरी भिजवून पिळलंस, कपाटापलीकडे गेलीस, मुलांना काही सांगितलंस, आणि मग गप्पच राहिलीस. काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही. तुझ्या उतरलेल्या आवाजाने मुलं पुढे सरकत असतील, पण माझा डावा कान काही सरकत नाही. तो अधू झालाय हे मी घरात कोणाला कळू दिलं नव्हतं, तुलाही नाही. नंतर विचारता आलं असतं. पण टिपणारीनेच विचारायचं म्हणजे कमीपणा वाटला. बेचाळीस मुलांपैकी एकतीस मुलं तास संपेपर्यंत खिडकीकडे बघत होती आणि मी मन लावून शून्यं काढत होते.

तास सुटल्यावर व्हरांड्यात शाळेच्या मोठ्या बाई भेटल्या. काय लिहिता, म्हणून त्यांनी वही मागितली. ती वही तुझ्यासाठी होती, तुझ्या हातात द्यायची होती. तरी मी दिली. शून्यं म्हणजे खिडकीकडे बघणारी मुलं, हेही मीच सांगितलं. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाल्या, “इतकं चोख टिपण आमच्या शिक्षकांनाही जमत नाही हो.” खोटं कशाला सांगू, मी फुलून गेले. चाळीस वर्षं घर सांभाळलं, पण चोख म्हणून कोणी पाठ थोपटली नव्हती. त्या म्हणाल्या, दोन दिवस ठेवते. मी ठेवा म्हटलं.

त्या संध्याकाळी तू वही मागितलीस. इतकी शून्यं बघून तुला वाईट वाटेल, असं मी मनाला सांगितलं, पण खरं म्हणजे न विचारता वही दिल्याची मला भीती वाटत होती. मी म्हटलं, कुठे ठेवली सापडत नाही. सूनबाई, तू पलंगाखाली पालथी पडून, बॅटरी घेऊन ती वही शोधत होतीस, आणि मी वरून तुला सांगत होते, तिकडे बघ, ट्रंकेमागे बघ.

पुढचं तुला ठाऊक आहे. मुलं खिडकीकडे बघतात, वर्गाचं लक्ष राहत नाही, असा शेरा आला आणि तुझी जागा दुसऱ्या बाईंना गेली. तू चार दिवस जेवली नाहीस. कोणीतरी चोरून बघून चहाडी केली असणार, असं तू म्हणालीस, आणि मी तुझ्या केसांना तेल लावत हो म्हटलं. मग तुम्ही दोघं इतक्या लांब गेलात. मी रोज देवापुढे बसते, पण मान वर होत नाही.

तरीही इतके दिवस माझी एक समजूत होती, की मी लपवलं ते पाप, पण लिहिलं ते तरी खरं होतं. गेल्या महिन्यात तीही गेली. समोरच्या शिंपिणीची धाकटी ब्लाऊज द्यायला आली होती. तुझ्या वर्गातली, खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर बसणारी, सदा ओठ चावणारी ती. मी ओलं फडकं घडी करून दोरीवर टाकत होते. ती म्हणाली, “आजी, पसरून टाका, घडीचं उशिरा वाळतं.” तुला गं कोणी सांगितलं, विचारलं, तर म्हणाली कोणी सांगितलं नाही, आम्ही बघितलं. मग तिने सगळा तास मला सांगितला. बाईंनी खिडकीत दोन रुमाल लावले, एक पसरून, एक घडी करून. म्हणाल्या, आता मी बोलणार नाही, तुम्ही नजर हलवायची नाही, कोणता आधी वाळतो आणि का, ते मला सांगायचं. कडेचा ओला डाग कसा आधी फिका पडला, वारा आला तेव्हा काय झालं, घडीच्या आत बोट घातल्यावर गार का लागलं, पोरीला सगळं पाठ होतं. तिच्या नावापुढे माझ्या वहीत सात शून्यं आहेत.

मी तिथेच पाटावर बसले. लहानपणी खिडकीकडे बघते म्हणून मला बाकावर उभं केलं होतं, आणि खिडकीकडे बघत असतानाच मास्तरांची कविता मी नुसती ऐकून पाठ केली होती. हे मला आठवायला नको होतं का? मी देवापुढे डोळे मिटून बसते तेव्हा माझं लक्ष देवाकडे असतं की गॅसवरच्या दुधाकडे, हे त्याच्याशिवाय कोणाला कळतं? आणि मी निघाले बेचाळीस मुलांच्या मनाचा झाडा घ्यायला.

तेव्हाही मी गप्पच राहिले. झालं ते झालं, पोरगी तिकडे सुखात आहे, असं म्हणत महिना काढला. पण तुझं पत्र आलं आणि तो काचांवरचा कागद काही डोळ्यांपुढून हलेना. काल मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, कानाचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, पण जागा भरली गेली आहे, आता काही होणार नाही म्हणाल्या. वही मात्र परत दिली. घरी येऊन यांनाही सांगितलं. ते जेवण अर्धं टाकून उठले.

मला माफ कर, हे सांगायला मी लिहीत नाहीये. ते तू तुझ्या सवडीने ठरव, नाही जमलं तरी मी समजेन. लिहिते ते एवढ्यासाठी की माझ्या शून्यांवरून आलेला शेरा खरा मानून तू खिडकी बंद केली आहेस. त्या दिवशी तुझा धडा सैल पडला नव्हता, तो सगळ्यात घट्ट होता. उद्या वर्गात जाशील तेव्हा तो कागद काढ आणि बाकं पुन्हा खिडकीशी लाव. वही सोबत पाठवते आहे. शून्यं खोडलेली नाहीत, खोडाखोड केली तर पुन्हा लपवल्यासारखं होईल. फक्त त्या पानाखाली एक ओळ लिहून सही केली आहे: टिपणारीला खिडकी दिसत नव्हती.

आशीर्वाद आहेतच, घेतलेस तर.

तुझीच,
मागच्या बाकावर बसलेली आई