हाकेला ओ

रविवार, ४ फेब्रुवारी

पोचलो. सामान म्हणजे दोन पेट्या, एक वळकटी आणि एक संस्कृत कोश, जो दोन्ही पेट्यांपेक्षा जड आहे. घर टेकडीवर, एकटं, पण रडकं नाही. तीन खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, त्यावर रेडिओचा संच, माइक, मोर्सची पितळी कळ आणि हजेरीची वही. खिडकीबाहेर अँटेनाची तार. तिच्यावर कावळे ओळीनं बसतात, चर्चमधल्या शेवटच्या बाकासारखे. सगळे हजर, लक्ष कुणाचंच नाही.

नोकरीही अशीच निवांत. हौशी रेडिओवाल्या ख्रिस्ती मंडळींची ही सहभागिता. तेवीस माणसं, तेवीस गावांत. रोज सकाळी सातला सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमतात. हजेरी, प्रार्थना, खुशाली. लेखनिकानं हजेरी मांडायची आणि पत्रव्यवहार सांभाळायचा. शाळेनं संस्कृत विषयच बंद करून ज्याला घरी बसवलं, अशा बावन्न वर्षांच्या विधुराला आणखी काय हवं?

मला बोलावणारं पत्र आधीच्या लेखनिकानं लिहिलं होतं. अक्षर मोत्यासारखं. ‘घर टेकडीवर आहे, उजेड भरपूर, मंडळी जिवाला जीव देणारी. आपल्याला मुलंबाळं आहेत का, तेही कळवावं.’ या शेवटच्या वाक्यावर मी विरघळलो. नोकरी देणारे वय विचारतात, पगाराची अपेक्षा विचारतात. मुलाबाळांची चौकशी कोण करतो? उत्तरात ठकीबद्दल दीड पान लिहून टाकलं. त्यांचा स्वतःचा मुलगा अंथरुणाला खिळलाय, म्हणून ते पद सोडताहेत.

ठकी म्हणजे माझी लेक. तेवीस वर्षांची, लहान मुलांना गाणं शिकवते. तिची आई गेली तेव्हा जेवताना आम्हा दोघांना बोलणं सुचेना, म्हणून मी तिला चमच्यानं ताटावर मोर्स शिकवलं. त्यातल्या दोन खुणा खास आमच्या घरच्या: तीन झटपट ठोके म्हणजे ‘जेव’, दोन सावकाश म्हणजे ‘पुरे’. आणि पहिला धडा हा की हाक ऐकू आली तर ओ द्यायचीच. हाक हवेत तशीच विरू देणं हे रेडिओवाल्याचं महापातक. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे जुना आहे; यंदा तीही त्या परीक्षेला बसली आहे.

संध्याकाळी जुन्या वह्या चाळल्या. आधीच्या लेखनिकाचं अक्षर पहिल्या पानांवर मोत्यासारखं, मध्ये कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं, शेवटी पुन्हा मोती. माझे विद्यार्थी उत्तरपत्रिका अशाच लिहीत. मधलं कुणी वाचत नाही, अशी त्यांची श्रद्धा.

सोमवार, ५ फेब्रुवारी

पहिली हजेरी यथासांग पार पडली. सूत्रं थोरल्यांकडे. पूर्वी जहाजावर रेडिओ सांभाळायचे; आता ऐंशीच्या घरात, पण खर्ज असा की टेबलावरचा पेला हलतो. औषधवाल्यांनी विचारलं की नवे गुरुजी हजेरी संस्कृतात घेणार का. शिंपीणबाई म्हणाल्या, घेऊ द्या की, निदान झोप तरी पवित्र लागेल. मी म्हटलं, बाई, माझ्या वर्गात तीस वर्षं तेच चाललं होतं. खूप हसले सगळे. माणसं चांगली आहेत.

हजेरीनंतर ‘ओझी’. ज्याला काही दुखतंखुपतं त्यानं ते सांगायचं. मग थोरले विचारतात, कोण घेतं? ज्याला वाटेल त्यानं म्हणायचं, हे ओझं माझ्याकडे. लेखनिकानं दोन रकान्यांत मांडायचं, कुणी उतरवलं आणि कुणी उचललं. प्रार्थनेची ही रीत मला आवडली.

आज माजी लेखनिकांनी आपल्या मुलाची पाठ सांगितली. या मुलाला सगळे धाकटा म्हणतात. त्याला बोलता येत नाही. बापाचं बोलणं संपल्यावर त्याच्या कळेचे थरथरते ठोके तेवढे आले. थोरल्यांनी विचारलं, कोण घेतं? कुणीच बोलेना. नुसती खरखर. दहा सेकंद, वीस सेकंद. मला ते सहन होईना. नवा असलो म्हणून काय झालं? माइक ओढला आणि म्हटलं, हे ओझं माझ्याकडे.

मग एकेकानं आमेन म्हटलं. तेवीस आमेन. इतकं मनापासून माझ्या लग्नातही कुणी म्हटलं नव्हतं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

पाठ धरली आहे. खाटेची एक फळी वर आली असावी. उद्या सुताराला बोलावतो. तिकडे धाकटा काल सहा महिन्यांत पहिल्यांदाच उशीला न टेकता बसला म्हणे. बापाचा हुंदका माइकवर इतका स्वच्छ आला की थोरल्यांनी त्याला पाचपैकी पाच गुण दिले. आमच्यात आवाज कसा पोचला ते असं आकड्यांत सांगतात.

त्याच आनंदात मी काल धाकट्याचा डावा डोळाही घेतला. शब्दांनीच घ्यायचं तर कंजुषी कशाला?

आज सकाळपासून डाव्या बाजूला दुधी काच धरल्यासारखं दिसतंय. चष्मा पुसला. तीनदा पुसला. मग चष्मा काढून पाहिलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

काल उजवा हात घेतला. घेतला म्हणजे काय, खरखर ऐकवेना आणि तोंडातून गेलं. आज पेला ओठांपर्यंत नेता येत नाही. डावाही किंचित हलतोय. ही ओळ लिहायला पाव तास लागला.

सुतार येऊन गेला. म्हणाला, साहेब, खाट ठणठणीत आहे, तुमचंच काहीतरी बघा.

सगळ्या वह्या खाली काढल्या. वीस वर्षांच्या. दुखणी चारच: पाठ, डोळा, हात, घसा. पहिल्या पानावर ती थोरल्यांची होती. मग घड्याळजींची. मग औषधवाल्यांची, शिंपीणबाईंची... चार पाहुणे नुसती घरं बदलत आलेत. मी माणसं आठवून पाहिली. थोरल्यांचा खर्ज. सुईत एका झटक्यात दोरा ओवते म्हणून फुशारकी मारणाऱ्या बाई.

मधलं कुणी वाचत नाही, ही माझीच श्रद्धा होती.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज मीच ओझी सांगितली. पाठ, डोळा, हात. नाव घेऊन, स्वच्छ उच्चारात. थोरल्यांनी प्रेमानं विचारलं, कोण घेतं?

खरखर. दोन मिनिटं मी घड्याळ पाहत होतो.

मग थोरल्यांनी समजावलं. जे ओझं एकदा उतरलं ते त्या खांद्यावर पुन्हा चढत नाही, कितीही मनात असलं तरी. आणि गुरुजी, आमचे सगळ्यांचे खांदे होऊन गेलेत.

मी माजी लेखनिकांवर ओरडलो. लाज वाटायला हवी, इतक्या सुंदर अक्षरात माणूस फसवता? ते चिडले नाहीत. म्हणाले, माझी ओझी पोरानं आपणहून घेतली, मला न विचारता. मी सहा महिने त्याला घास भरवत होतो. मग पत्र लिहिलं. तुम्हीही लिहाल.

मी म्हटलं, कधीच नाही.

शिंपीणबाई मध्येच म्हणाल्या, भाऊ, आधी सगळे असंच म्हणतात हो.

पेटी भरली. पाठीनं उचलू दिली नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

घसा राहिला होता. धाकट्याचा घसा. तीन दिवस रोज विचारलं, मी तीन दिवस गप्प. जमत होतं.

आज थोरले म्हणाले, घाई नाही. रविवारी पाहुण्यांची हजेरी आहे. एका मुलीचं पत्र आलंय, परीक्षा पास झाली, बाबांना न सांगता यायचंय म्हणते. गाणं शिकवते. मन फार कोवळं दिसतं.

मुलाबाळांची चौकशी का केली होती ते आज कळलं.

मी विचारलं, घसा घेतला तर तिला सोडाल? थोरले म्हणाले, मी तिला काहीही विचारणार नाही. शब्द देतो. वीस वर्षांच्या वह्यांत त्यांनी शब्द मोडल्याची नोंद नाही. मी पाहिलंय.

घेतला.

दुपारी कावळ्यांना हाकलायला तोंड उघडलं. काही आलं नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

ठकीला पत्र टाकलं. येऊ नकोस. रेडिओ लावू नकोस. तीन शब्दांनंतर मलाच वाचता येईना. तरी टाकलं. पोस्टातल्या बाईला खुणेनं सांगितलं, तूच पत्ता लिही. तिनं मोठ्यानं, सावकाश विचारलं, आजोबा, सोबत कुणी आहे का तुमच्या?

आजोबा.

रविवार, १८ फेब्रुवारी

७.०० हजेरी सुरू. ठकी नाही. देवा, ठकी नको.

७.०४ आहे. तिचा आवाज. सगळ्यांना नमस्कार करते — हसते — थोरले तिला ओझ्यांची रीत समजावताहेत. सगळी. तिला ती गोड वाटते आहे.

७.०६ बाबा कुठे आहेत, विचारते. पत्र आलं, अक्षर लागलं नाही, म्हणून तर आले, म्हणते.

मी पाठवलं — म्हणून —

७.०७ कळेवर हात. आधी आमची खूण वाजवली, म्हणजे मी आहे हे तिला कळेल. तीन ठोके. जेव. मग ‘जा’. हात थांबत नाही. एका ठोक्याचे सहा होतात. ‘जा’ कुठेच नाही त्यात, नुसता पाऊस पत्र्यावर —

७.०८ तिनं ओळखलं. खुणेवरून. मी गप्प बसलो असतो तर — बाबांच्या हाताला काय झालं? काय झालं, कुणी सांगेल का?

थोरले म्हणतात, मी शब्द दिलाय, मी काही विचारणार नाही.

त्यांनी विचारलं नाही. माजी लेखनिकांनी सांगितलं. पाठ, डोळा, हात, घसा. चारही. सावकाश.

७.०९ खरखर. कुणी बोलत नाही. ठके, तूही बोलू नको. विरू दे. मी शिकवलं ते खोटं होतं, हाक विरू दे, काही होत नाही, विरू —

७.१० पाठ सरळ झाली.

डोळा. खिडकी दिसते. तार दिसते, कावळे मोजता येतात, नऊ आहेत.

हे अक्षर माझं आहे. हे माझं जुनं अक्षर आहे. नको. ठके, घसा नको घेऊ, तुझी मुलं, तुझा वर्ग, निदान घसा

मी ओरडतो आहे. मला ऐकू येतंय, मी ओरडतो आहे. माझ्याकडे, ठकीचं ओझं माझ्याकडे, माझ्याकडे. सातदा म्हटलं. काही होत नाही. माझाही खांदा होऊन गेला.

आमेन येताहेत. एकेक.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

ठकीला इथं आणली. पाठीशी तीन उशा लावल्या की बसते. वर्गातल्या मुलांच्या चिठ्ठ्या आल्यात, त्या मीच वाचून दाखवतो. माझा आवाज छान लागतो आहे. थोरले म्हणतात, खर्ज उतरलाय.

काल घास भरवताना तो दोनदा तिच्या मांडीवर सांडला. तिनं मान फिरवली. ती रडते तेव्हा आवाज होत नाही.

थोरल्यांनी एक पत्ता दिला आहे. नकाशे काढणारा कुणी, एकटा, नुकताच परवाना मिळालेला. माणूस हौशी आहे, म्हणाले, आणि तुमचं अक्षर सुंदर आहे.

ठकी समोर बसली आहे. पत्ता तिनं उजव्या डोळ्यानं वाचला. आता ताटावर चमचा वाजतो आहे, फार थरथरत, पण मला कळतंय. दोन सावकाश. पुरे. पुन्हा दोन. पुरे.

मी मान वर करत नाही.

कच्चा मसुदा. प्रिय बंधू, घर टेकडीवर आहे, उजेड भरपूर, मंडळी जिवाला जीव देणारी. आपल्याला मुलंबाळं आहेत का, तेही